नाशिकची नोट, दुबईचं कपाट



आजचा भाग सुरू करण्याआधी एक गोष्ट आठवा. तुमच्या घरात कपाटाच्या अगदी वर, बॅगांच्या मागे, एक जुना बिस्किटांचा डबा आहे का? बहुतेक घरांत अशा डब्यात सुईदोरा आणि बटणं असतात. पण काही घरांत वेगळाच ऐवज असतो. कोपरा कापलेले जुने पासपोर्ट, पहिल्या नोकरीचं पत्र, बोटीच्या तिकिटाचा तुकडा, आणि घडी घातलेली एखादी नोट.

आखातातलं आपलं घर कधी ना कधी आवरायचंच असतं. नोकरी संपते, व्हिसा संपतो, महिनाभरात तीस वर्षांचा संसार खोक्यांत भरावा लागतो. फर्निचर कुणाला द्यायचं, गाडी कुणाला विकायची, याच्या गडबडीत त्या डब्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. मग तो डबा एक तर कचऱ्यात जातो, नाही तर पुण्या-मुंबईच्या घरातल्या माळ्यावर, पुढच्या पावसाळ्याची वाट बघत.

म्हणून आज त्या डब्यातल्या एकाच वस्तूबद्दल बोलूया. समजा, तुम्ही ती घडी घातलेली नोट उलगडलीत. दहा रुपयांची आहे. वर अशोकस्तंभाचे सिंह आहेत, रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचं नाव आहे, गव्हर्नरची सही आहे. मागे शिडाचं गलबत आहे. सगळं ओळखीचं, पण रंग लाल! शेजारी बसलेली मुलगी विचारते, "बाबा, ही खेळातली नोट आहे का?"

खेळातली नाही. तिला सांगण्यासारखी एक मोठी गोष्ट त्या नोटेत आहे, आणि ती गोष्ट नाशिकरोडपासून सुरू होते.

इथे रुपया चालायचा

आज आपण महिन्याच्या पगाराच्या दिवशी फोनवर दर बघतो. एका दिरहमला किती रुपये मिळतात, वीस की बावीस की त्याहून जास्त, यावर घरी पाठवायची तारीख ठरते. आपल्या मुलांना वाटतं, दिरहम आणि रुपया हे कायमच असे एकमेकांपासून लांब होते. तसं मुळीच नाही. ज्या भूमीला आज संयुक्त अरब अमिराती म्हणतात, तिथे १९६६ पर्यंत बाजारात रुपयाच चालायचा.

याचं कारण व्यापार आणि राज्यकारभार, दोन्हीत आहे. आखातातला मोती मुंबईच्या बाजारात विकला जायचा. तांदूळ, कापड, मसाले, लाकूड तिकडून इकडे यायचं. ब्रिटिशांचा आखातातला कारभार हिंदुस्थान सरकारमार्फत चालायचा. दुबईत १९०९ साली पोस्ट ऑफिस उघडलं ते हिंदुस्थानच्या पोस्ट खात्याचं, आणि तिथे तिकिटंही हिंदुस्थानचीच मिळत. जिथे माल मुंबईचा आणि टपाल मुंबईमार्गे, तिथे पैसा दुसरा कुठला असणार?

तेव्हाच्या नोटांवर एक मराठी सहीसुद्धा इथवर पोहोचली होती. चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मूळचे ते आताच्या रायगड जिल्ह्यातले. त्यांच्या सहीच्या नोटा जशा मुंबईत चालल्या तशाच इथल्या बाजारांतही चालल्या. त्या वेळी भारताची नोट आणि आखातातली नोट वेगळी नव्हतीच.

मग वेगळी का करावी लागली? तर सोन्यामुळे.

एका लाल नोटेचा जन्म

स्वातंत्र्यानंतर भारतात सोनं आणण्यावर बंधनं होती. त्यामुळे मुंबईत सोन्याचा भाव बाहेरच्या जगापेक्षा बराच वर असायचा. दुबईत किंवा कुवेतमध्ये सोनं विकत घ्यायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. एवढा फरक दिसल्यावर व्यापारी स्वस्थ थोडेच बसणार? सोनं गलबतातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं आणि रुपयांत विकलं जायचं. ते रुपये त्याच वाटेने परत आखातात यायचे.

खरी गोम पुढेच आहे. आखातात ते रुपये कायदेशीर चलन होते. कुणीही ते बँकेत भरू शकत होतं. इथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे पाठवायच्या आणि बदल्यात पौंड मागायच्या. नोटेवर वचन भारताचं, त्यामुळे भारताला पौंड मोजावे लागायचे. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत भारताच्या तिजोरीतून, परकी चलनात, अगदी रीतसर चुकती होत होती! १९५७-५८ च्या सुमाराला भारताकडे परकी चलनाची तीव्र टंचाई होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी यंत्रं बाहेरून आणायची होती. अशा वेळी ही गळती परवडणारी नव्हती.

यावर तोडगा असा निघाला की आखाताचा रुपया आणि भारताचा रुपया दिसायलाच वेगळे करायचे. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मे १९५९ मध्ये आखातासाठी खास नोटा आल्या. एक, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या. त्या फक्त आखातात चालणार, भारतात नाही. लोकांनी आपल्याकडच्या साध्या नोटा ठरावीक मुदतीत बदलून घ्यायच्या, आणि त्यानंतर साधी नोट आखातात चालणार नाही. नाणी मात्र तीच राहिली.

या नोटा छापल्या गेल्या नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. नाशिककरांच्या बोलण्यात नुसतं "प्रेस". १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जात होत्या, आणि १९५९ साली देशात नोटा छापणारा दुसरा छापखाना नव्हता. म्हणजे तुमच्या हातातल्या लाल नोटेचा जन्म गोदावरीच्या काठच्या गावातला. तिचं सगळं आयुष्य मात्र खाडीच्या काठी गेलं. ती मायदेशात चालणारच नव्हती. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे ऐकून जरा आत काहीतरी हललं असेल!

आणि मागच्या बाजूचं ते गलबत बघा. भारतातल्या दहाच्या नोटेवर ते आधीपासून होतंच, तेच आखाताच्या नोटेवरही राहिलं. ज्या गलबतांच्या फेऱ्यांमुळे ही वेगळी नोट काढावी लागली, त्यांचंच चित्र तिच्या पाठीवर.

ओळखायची कशी

तुमच्या घरातली नोट आखाताची आहे का, हे बघायला भिंग लागत नाही. दोन खुणा बघायच्या. पहिली खूण रंग. आखाताची एक रुपयाची नोट लाल, पाचाची नारिंगी, दहाची लाल आणि शंभराची हिरवी. भारतातल्या त्या वेळच्या नोटांचे रंग वेगळे होते. दुसरी खूण नंबर. नंबराच्या आधी इंग्रजी झेड अक्षर असतं. पण नुसतं झेड बघून उड्या मारू नका. रंग आणि अक्षर दोन्ही जुळायला हवं. पाच, दहा आणि शंभरवर गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची सही असते. एक रुपयाची नोट नेहमीप्रमाणे भारत सरकारची, म्हणून तिच्यावर अर्थसचिवांची सही.

याच सुमाराला हजयात्रेकरूंसाठीही दहा आणि शंभरच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. त्यांच्यावर हज हा शब्द इंग्रजीत असतो आणि नंबराच्या आधी एच-ए ही अक्षरं. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या मुस्लिम कुटुंबात आजोबांच्या हजच्या कागदांत अशी नोट निघाली, तर तीही तितकीच मोलाची.

रुपया गेला, पण मागे काय ठेवून गेला

आखाताचा रुपया फार काळ टिकला नाही. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहारीनने १९६५ मध्ये. मग ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. आदल्या दिवसापर्यंत एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, आता साडेसात रुपये पडू लागले. आखाताचा रुपया भारताच्या रुपयाला बांधलेला, त्यामुळे दुबईतल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातल्या पैशाची किंमत दिल्लीतल्या एका निर्णयाने घसरली. इथल्या राज्यकर्त्यांनी रुपया सोडायचं ठरवलं. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. दुबई आणि बाकीच्या अमिरातींनी काही आठवडे सौदी रियालवर काढले, आणि सप्टेंबर १९६६ पासून कतार-दुबई रियाल चालू झाला. ओमानमध्ये मात्र आखाताचा रुपया १९७० पर्यंत राहिला.

२ डिसेंबर १९७१ ला अमिरातींचं संघराज्य झालं, आणि १९ मे १९७३ ला दिरहम आला. आता एक गंमत ऐका, आणि मुलांना जरूर सांगा. कतार-दुबई रियालची किंमत अवमूल्यनाआधीच्या रुपयाइतकीच ठरवली होती. बहारीनचा दिनार म्हणजे दहा जुने रुपये. आणि दिरहम आला तेव्हा एक दिरहम बरोबर एक कतार-दुबई रियाल, किंवा दिनाराचा दहावा भाग. गणित कुठल्याही बाजूने करा, उत्तर एकच येतं. एक दिरहम म्हणजे मुळात ५ जून १९६६ चा एक रुपया! आज आपण ज्या दोघांतला फरक रोज फोनवर बघतो, ते एकाच घरातून निघालेले दोन भाऊ आहेत. एक इथे राहिला, एक तिकडे गेला, आणि दोघांची नशिबं वेगळी झाली.

चलन बदललं तशा लोकांनी लाल-हिरव्या नोटा बँकेत भरल्या. साहजिकच होतं ते. पगाराचा पैसा आठवण म्हणून कोण ठेवणार? त्या भारताकडे परत गेल्या आणि चलनातून नाहीशा झाल्या. मागे राहिल्या त्या फक्त विसरलेल्या. पुस्तकात दडलेल्या, कोटाच्या खिशात राहिलेल्या, डब्याच्या तळाशी गेलेल्या. म्हणून आज या नोटा विरळ आहेत. म्हणूनच तुमच्या डब्यातली नोट नीट राहायला हवी.

(छोटा संगीतखंड)

नोट जपायची म्हणजे तिला काही करायचं नाही

मंडळी, आता कामाचं बोलूया. जुनी नोट सापडली की आपला पहिला विचार असतो तिला "चांगली" करण्याचा. मळली आहे तर पुसूया, चुरगळली आहे तर इस्त्री फिरवूया, फाटली आहे तर चिकटपट्टी लावूया, आणि मग कायमची टिकावी म्हणून लॅमिनेट करूया. यातली प्रत्येक गोष्ट नोटेचं नुकसान करते.

इस्त्रीने कागदाचा पोत चपटा होतो, छपाईचा उठाव जातो. पाण्याने रंग फुटू शकतो. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशनमध्ये तर उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं. ती नोट मग नोट राहत नाही, तिचा नुसता फोटो उरतो. संग्राहक अशी नोट हातातही घेत नाहीत. मळकी, घडीची नोट त्यांना चालते, कारण घडी हे वापराचं चिन्ह आहे. दुरुस्ती मात्र चालत नाही.

हेच टाचणीच्या भोकांचं. जुन्या भारतीय नोटांच्या डाव्या बाजूला बारीक भोकं दिसली तर हळहळू नका. नोटांची बंडलं तेव्हा पिनांनी टाचली जायची, त्यामुळे कधीही न वापरलेल्या नोटेलाही भोकं असतात. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना नोटा टाचणं थांबवायला सांगितलं. भोक बुजवायचा प्रयत्न नको. पण नोटेत अजून गंजकी पिन असेल तर ती गंज पसरवत राहील. ती ओढून काढू नका. पिनेची वळलेली टोकं मागून हळूच सरळ करा आणि मग सोडवा. जमणार नाही असं वाटलं तर तशीच ठेवा आणि जाणकाराकडे न्या.

नोटेचा कागद मुळात चिवट असतो. वहीचा कागद लाकडाच्या लगद्याचा, नोटेचा कापसाच्या तंतूंचा. म्हणून वर्तमानपत्र वर्षभरात पिवळं पडतं आणि साठ वर्षांची नोट अजून उलगडता येते. पण कापूस हवेतला ओलावा पितो आणि सोडतो. हवा दमट झाली की कागद फुगतो, कोरडी झाली की आकसतो. हे सारखं होत राहिलं की तंतू थकतात. ओलावा जास्त दिवस टिकला की बुरशी येते, तपकिरी ठिपके पडतात. कागदाला ताठपणा यावा म्हणून दिलेली खळ कसरीला फार आवडते. आणि उजेडाने रंग उडतो.

आखाती घराची अडचण

आता हे सगळं आपल्या इथल्या घरांना लावून बघा. बाहेर ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट की चष्म्यावर वाफ धरते. आत एसीची थंड, कोरडी हवा. एसी चालू आहे तोवर ठीक. पण जुलैमध्ये शाळेला सुट्टी लागते, सगळं कुटुंब सहा आठवडे गावी जातं, आणि निघताना वीज वाचावी म्हणून आपण एसी बंद करतो. त्या सहा आठवड्यांत बंद घर तापतं, दमट होतं. परत आल्यावर चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी दिसलेली तुम्ही पाहिली असेल. त्याच कपाटात वर तो डबा असतो.

मग करायचं काय? आधी जागा बदला. बाहेरच्या भिंतीला, बाथरूमला किंवा स्वयंपाकघराला लागून असलेलं कपाट नको. अगदी छताजवळचा कप्पा नको, एसीच्या झोताखालचाही नको. घराच्या आतल्या भिंतीचं, मधल्या उंचीचं कपाट सगळ्यात बरं. गाडीच्या खणात तर उन्हाळ्यात एक दुपारही नको.

एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, तो महाग नसतो. कपाटातली आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राहिली तर कागद सुखात असतो. आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तर घाबरू नका. सारखे मोठे चढउतार मात्र टाळा.

सुट्टीला जाताना एसी पूर्ण बंद करण्याऐवजी जरा वरच्या तापमानावर चालू ठेवता आला तर उत्तम. नाही तर नोटा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुडी नोटेला टेकता कामा नये. डबा बंद करायचा तो कोरड्या दिवशी, एसी तासन् तास चालू असलेल्या खोलीत. ओलावा आत कोंडून झाकण लावलं तर न लावलेलं बरं. आणि परत आल्यावर डबा लगेच उघडू नका. खोली आणि डबा यांचं तापमान एक होऊ द्या, चार-सहा तास जाऊ द्या. थंड वस्तूवर दमट हवा लागली की पाणी धरतं, हे आपल्याला पाण्याच्या ग्लासावरून माहीत आहेच.

मुंबईला किंवा कोकणात नोटा नेऊन ठेवणार असाल तर हीच काळजी दुप्पट. तळघरातला लॉकर सुरक्षित असतो, पण पावसाळ्यात कोरडा असतोच असं नाही. लॉकर घेतलात तरी आत घट्ट डबा आणि जेलच्या पुड्या हव्यात, आणि वर्षातून एकदा उघडून बघायला हवं.

कशात ठेवायची

प्लॅस्टिक म्हणजे प्लॅस्टिक, असं नसतं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांना नव्या रबरी चटईसारखा वास येतो. काही वर्षांनी ती चिकट होतात आणि त्यातलं तेलकट द्रव्य नोटेत उतरतं. फोटोंचे जुने चिकट पानांचे अल्बम तर नकोच. नोटांसाठी पॉलिएस्टरची पाकिटं मिळतात, मायलार किंवा मेलिनेक्स या नावाने. ती पारदर्शक, ताठ आणि वास नसलेली असतात. ती नाही मिळाली तर पॉलिप्रॉपिलीनची चालतील. नोट पाकिटात घालताना मागे ॲसिड-फ्री कागदाचा पुठ्ठा ठेवला तर ती वाकत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, डांबराच्या गोळ्या शेजारी ठेवू नका. कडुनिंबाचा पाला आजीच्या साड्यांना ठीक, नोटेवर त्याचा डाग पडतो.

नोट हाताळताना हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, कडेने धरा. टेबल स्वच्छ हवं आणि चहाचा कप दुसऱ्या खोलीत हवा. घडी फार जुनी आणि कडक झाली असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. घडीतच ठेवा. घडीवर तुटलेली नोट पुन्हा एक होत नाही.

अमिरातीच्या नव्या नोटांबद्दलही दोन शब्द. २०२१ च्या डिसेंबरमध्ये संघराज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा पन्नास दिरहमची पॉलिमरची नोट आली, आणि मग इतरही आल्या. पॉलिमरला बुरशी किंवा कसर सहसा त्रास देत नाही, पण उष्णतेने ती आक्रसते आणि पडलेली घडी जात नाही. आठवण म्हणून एखादी ठेवणार असाल तर पहिल्या दिवसापासून सपाट ठेवा. मुलांनी इथे जन्म घेतला त्या वर्षीची नोट जपणारी घरं आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि एक कायद्याची गोष्ट. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा बऱ्याच जणांच्या पाकिटात राहून गेल्या. भारताच्या २०१७ च्या कायद्यानुसार अशा नोटा एकूण दहापर्यंतच जवळ ठेवता येतात, आणि अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त ठेवल्या तर दंड आहे. म्हणून आठवणीपुरत्या ठेवा, गठ्ठे नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं

पाकीट मिळेल, डबा मिळेल, जेलच्या पुड्याही मिळतील. पण एक गोष्ट बाजारात मिळत नाही. ही नोट आपल्या घरात आली कशी?

आजोबा मुंबईहून द्वारका बोटीने आले होते का? कुणाकडे कामाला होते? ही नोट पहिल्या पगारातली, की कुणी निरोप देताना हातात ठेवलेली? ती खर्च न करता का ठेवली? अशीच दुसरी नोट एखाद्या संग्राहकाकडेही असेल, कदाचित जास्त कोरी. पण ही गोष्ट त्याच्याकडे नाही. ती कुठल्याही संग्रहालयात नाही. ती फक्त तुमच्या घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात आहे, आणि तिला कसर लागत नसली तरी ती कायमची टिकणारही नाही.

म्हणून या आठवड्यात फोन लावा. आईला, सासऱ्यांना, नाशिकच्या काकांना. फोनवरचं बोलणं त्यांना सांगून रेकॉर्ड करून ठेवा. मग एका ॲसिड-फ्री कागदावर पेन्सिलीने चार ओळी लिहा. कुणाची, कुठे मिळाली, कधी, कुणी सांगितलं. तो कागद नोटेच्या पाकिटाला न चिकटवता, त्याच डब्यात ठेवा. नोटेवर काहीही लिहू नका. नोट ज्या जुन्या पाकिटात होती त्यावर कुणाचं अक्षर असेल, तर तेही टाकू नका. वेगळ्या पाकिटात जपा. दोन्ही बाजूंचा फोटो काढून भावंडांना पाठवा, म्हणजे घर आवरायची वेळ आली की डब्यात काय आहे हे एकापेक्षा जास्त माणसांना ठाऊक असेल.

पुढच्या सुट्टीत नाशिकला जाणार असाल तर त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय मुलांना दाखवा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेने २००४ साली सुरू केलेलं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे. आणि नाशिकरोड स्टेशनवरून गाडी जाताना मुलांना एवढं नक्की सांगा, की आपण दुबईला येण्याच्या कितीतरी आधी, या गावातून दुबईला पैसा जायचा.

डबा उघडलात आणि काही सापडलं, तर आम्हाला जरूर कळवा. नोट आमच्याकडे पाठवू नका, ती घरीच राहू द्या. तिची गोष्ट मात्र सांगा. पुढच्या भागात भेटूच.